कात्री

काल रात्रीपासून आमचे पुण्याचे दाजी मला एकच विचारतात, "काय, उगवले का?" त्यांना पहाणीतला, म्हणजे कर्नाटकातल्या सातबाऱ्यातला, फक्त नऊ नंबरचा, मालकाच्या नावाचा रकाना हवा होता. मी प्रिंट स्क्रीनचं बटण दाबलं आणि आलं ते चिकटवलं. वर दुसरा टॅब उघडा होता : 'टकलावर कांद्याचा रस'. तेही फॅमिली ग्रुपवर.

सकाळीच बेळगावच्या शहापुरातलं झेरॉक्सचं दुकान गाठलं. "पडद्याचा एवढाच तुकडा कसा घ्यायचा?" असं पोराला विचारतोय, तोवर येळ्ळूरचे एक काका मध्ये पडले.

"तुकडाच पायजे न्हवं? मग कात्रीनं कापा की वं!"

"काका, ते कंप्युटरवर आहे."

"मग कागदावर काढा. कागुद कापा. कापल्याला परत मशीनीत घाला. हाय काय त्यात?"

काउंटरला सुतळीनं बांधलेली कात्री होती. सुतळी ताणून काकांनी आपल्याच रेशनकार्डाच्या झेरॉक्सवर प्रात्यक्षिक केलं. सूनबाईंचं नाव कराकरा कापून वेगळं काढलं. "बघा, गेली का न्हाई?" हे म्हणताना चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते नुसत्या कात्रीचं नव्हतं.

मुळात ही पहाणी कन्नडमध्ये. बेळगावचं बेळगावी २०१४ साली झालं, पण मी अजून माझं नाव आकारावरूनच ओळखतो : दोन वेटोळी, एक शेपटी. जमीन माझी आहे याची खात्री करायला शेजारचा आठवीतला पोरगा लागतो, आणि तो दर वेळी चॉकलेट घेतो. सांगताना मी हसतो, पण वाचून घेताना मान खालीच असते.

दुकानातल्या पोरानं विंडोज, शिफ्ट आणि एस एकदम दाबलं. पडदा काळवंडला, बाणाच्या जागी अधिकचं चिन्ह आलं, त्यानं चौकोन ओढला, कंट्रोल व्ही केलं. झालं! असलं हत्यार म्हणे २००७ च्या विंडोज व्हिस्टातही होतं. आणि मी इतकी वर्षं पेंटमध्ये कडा खोडत बसलोय.

"दहा रुपये."

"कशाचे? ना कागद, ना शाई!"

काका पडद्यात डोकं घालून बघत होते. त्या हत्याराच्या चित्रावर बोट ठेवून ओरडले, "आत बी कात्रीच हाय की वं! मी काय सांगूलतो?"

खरंच कात्री होती.

मग सूनबाईंना परत आणायला रेशनकार्डाची नवी झेरॉक्स काढावी लागली. काका पोराला म्हणाले, "ह्येचे पैसे सायबांकडनंच घे. सल्ला माझा हुता."

बारा रुपये दिले.