चालू स्पेक्ट्रमवर कार्ड हलवून सिंक मिळत नाही

राजारामपुरीतला माझा भाचा काल चालू झेडएक्स स्पेक्ट्रमच्या (सिंक्लेअरचा ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर) मागचं जॉयस्टिकचं कार्ड हलवत बसला होता. विचारलं तर व्हॉट्सॲपवरचा मेसेज दाखवला: "चित्र थरथरलं तर मशीन चालू ठेवून कार्ड हलवा, सिंक पकडेल. कार्डाचं क्लॉक वेगळंच असतं. पडद्यावर बर्फासारखे ठिपके आले की यूएलए जळाली, काढून बदला." (यूएलए म्हणजे चित्र काढणारी खास चिप, क्लॉक म्हणजे चिपांना ताल देणारे ठोके.) कोल्हापुरातल्या निम्म्या ग्रुपवर हेच फिरतंय. कुणी एकानं तरी मशीन उघडून बघायचं होतं!

आधी ते हलवणं. कार्ड बसतं त्या मागच्या पट्टीवर ५ आणि ९ व्होल्टचे पट्टे अगदी शेजारी आहेत. कार्ड जरा तिरकं झालं की ९ व्होल्ट थेट ५ च्या लाइनवर, म्हणजे सगळ्या चिपांवर. त्याच पट्टीवर उणे ५ आणि १२ व्होल्टही आहेत. शॉर्ट होऊन उणे ५ गेलं आणि १२ तसंच राहिलं, तर खालच्या १६ केच्या ४११६ रॅम चिपा मरतात. स्पेक्ट्रमला बटण नाही, त्यामुळे कार्ड घालताना-काढताना अडॅप्टरची पिन उपसायचीच.

आणि हलवून पकडायला तिथं आहे काय? १४ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवरून यूएलए चित्रही काढते आणि झेड-८० ला, म्हणजे प्रोसेसरला, ३.५ मेगाहर्ट्झचं क्लॉकही देते. चित्राच्या १९२ ओळी काढताना झेड-८० नं १६३८४ ते ३२७६७ मधली मेमरी मागितली, की यूएलए त्याचं क्लॉकच रोखून धरते, जास्तीत जास्त ६ ठोके. चिपच्या फोटोंवरून यूएलएचा आराखडा उलगडणारं क्रिस स्मिथ यांचं २०१० चं पुस्तक आहे, त्यात हे सगळं सापडेल. हेच थांबणारं क्लॉक मागच्या पट्टीवरही येतं. ते घेणारं कार्ड झेड-८० बरोबर थांबतं, त्याच्याबरोबर चालतं. सिंक म्हणतात ते हेच.

फ्लॉपीच्या कार्डावर स्वतःचा क्रिस्टल असतो, एवढं मान्य. पण तो फ्लॉपीपुरता. झेड-८० शी बोलताना त्यालाही आयओआरक्यू, आरडी, डब्ल्यूआर या (देवाणघेवाण, वाचणं, लिहिणं कधी ते सांगणाऱ्या) लाइनी पाळाव्याच लागतात.

राहिले ठिपके. यूएलए मरत नाही असं नाही, तापून मरते. पण झेड-८० च्या आय रजिस्टरमध्ये (आतला आकडा ठेवायचा छोटा कप्पा) ६४ ते १२७ मधला आकडा पडला, तर रॅम रिफ्रेशचा, म्हणजे रॅममधला मजकूर टिकवण्यासाठी ती पुन्हा पुन्हा चाळण्याचा, पत्ता यूएलएच्या वाचनात घुसतो आणि चांगल्या मशीनवरही ठिपके पडतात. म्हणून आधी पिन काढा, कार्ड काढा, पिन परत लावा. सिंक्लेअरची कॉपीराइटची ओळ स्वच्छ दिसली तर दोष कार्डात किंवा प्रोग्राममध्ये शोधा. फेरांटी कंपनीच्या मूळ यूएलए आता बनत नाहीत. चांगली चिप उपसून पाय मोडलात, तर तशी नवी मिळणार नाही.