सोऱ्या, आजीचे हात आणि ए-लेव्हलचा तिसरा विषय

नमस्कार काका,

लेकीने ए-लेव्हलला (इंग्लंडमधली बारावीच्या तोडीची परीक्षा) प्रॉडक्ट डिझाइन हा विषय घेतला, त्यावर लिहिलेल्या लेखाला तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: इंग्लंडमध्ये सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत, मुलं बहुतेक तीनच विषय घेतात, त्यातला एक आम्ही ‘लाकूड घासण्यात’ घालवला, केमिस्ट्री घेतली असती तर पुढच्या वाटा मोकळ्या राहिल्या असत्या, आणि निम्मे मार्क शाळेतलेच शिक्षक देणार असतील तर ती परीक्षा कसली?

मार्कांचं आधी सांगते. तिचं बोर्ड एक्यूए. अडीच तासांचा एक पेपर ३० टक्क्यांना, दीड तासाचा दुसरा २० टक्क्यांना आणि उरलेले ५० टक्के प्रकल्पाला. प्रकल्प शाळा तपासते हे खरं, पण बोर्ड त्यातले काही मागवून पुन्हा तपासतं आणि शाळेने सढळ हाताने मार्क दिले असतील तर कमी करतं. प्रकल्पाच्या १०० मार्कांतले नमुना बनवण्याला २५. बाकीचे गरज शोधणं, ती नेमक्या शब्दांत मांडणं, रचना सुधारत नेणं आणि शेवटी ती कुठे कमी पडली हे लिहून काढणं, यांना.

आता लाकूड घासण्याबद्दल. माझ्या सासूबाईंच्या बोटांचे सांधे धरलेत. दोन दिवाळ्या त्यांनी चकल्या केल्या नाहीत, म्हणून लेकीने प्रकल्पाला सोऱ्या घेतला. आपला नेहमीचा पितळी, वरून दांडा फिरवायचा. तिने दांडा दुप्पट लांब केला. जोर निम्मा लागेल हे गणित बरोबर होतं, उजव्या हाताला आरामही पडला. तरी आजी दोन चकल्यांत थांबल्या. आजींचे हात तिने मोबाइलवर शूट केले होते, ते तीन-चारदा बघितल्यावर तिला दिसलं की दुखणं डाव्या हातात आहे. दांडा कितीही लांब करा, भांड्यावर येणारा पीळ तेवढाच राहतो आणि तो डाव्या मुठीला पेलावा लागतो. तुम्ही इंजिनिअर आहात, तुमच्या हे एका क्षणात लक्षात आलं असतं. सतरा वर्षांच्या मुलीला ते आजीचा चेहरा बघून कळलं, आणि आता ती ते विसरणार नाही.

मग तिने सोऱ्या टेबलाला आवळता येणाऱ्या स्टँडवर बसवला. डावा हात मोकळा झाला, त्याने खालचा कागद फिरवायचा की चकली वळली. मधला एक नमुना थ्रीडी प्रिंटरवर पीएलए नावाच्या प्लॅस्टिकचा केला होता. तो कढत पाण्याने धुतला आणि त्याचं तोंड लंबगोल झालं, कारण पीएलए साधारण ६० अंशांनाच मऊ पडतं. त्या रात्री ती रडली. सकाळी उठून तिने त्याचा फोटो प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये लावला आणि खाली कारण लिहिलं.

केमिस्ट्रीचं मात्र तुमचं पटतं, काही मुलांसाठी. मेडिकलला जायचं असेल तर ती बहुतेक ठिकाणी लागतेच. केंब्रिजसारख्या ठिकाणी इंजिनिअरिंग करायचं असेल तर तिसरा विषय म्हणून आधी फर्दर मॅथ्सचा (मॅथ्सच्या पुढचा वेगळा विषय) विचार करावा, असं मीही सांगेन. आणि हा विषय वेळ फार खातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिचं मॅथ्स मागे पडलं होतं, हे मी लेखात लिहायला हवं होतं. पण मॅथ्स आणि फिजिक्स तिने सोडलेले नाहीत, आणि तिला डिझाइन इंजिनिअरिंगच करायचंय.

आपल्याकडेही आयआयटी मुंबईचं आयडीसी हे डिझाइनचं केंद्र १९६९ पासून हेच शिकवतंय. तिथल्या बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड ही स्वतंत्र प्रवेश परीक्षा आहे आणि तिला बारावीच्या कुठल्याही शाखेची मुलं बसतात. सायन्सला मार्क कमी पडले म्हणून तिकडे वळायचं, अशी ती जागा नाही.

एक विचारायचं होतं. प्रकल्प जमा झालाय, त्यामुळे आता बाहेरची मदत घ्यायला हरकत नाही. आजींची एक तक्रार उरलीय: एका चकलीला दांड्याचे फेरे फार होतात. स्क्रूच्या आट्यांमधलं अंतर वाढवलं तर फेरे कमी होतील, पण जोर पुन्हा वाढेल. तुम्ही तुमची उमेदीची वर्षं मशीन शॉपमध्ये काढलीत असं लिहिलंय. यातून काही मार्ग दिसतो का? तिने काढलेलं मापांचं ड्रॉइंग तुम्हाला पाठवू का?