पुरवणी मूळ उत्तरपत्रिकेलाच बांधतात

काका, नमस्कार. तुम्ही मला ताई म्हटलंत, पण 31 वर्षं लेखापरीक्षण करून निवृत्त झालात म्हणजे वयानं तुम्हीच मोठे, तेव्हा मी काका म्हणते. उत्तराला दहा दिवस लागले. पहिला मसुदा दुसऱ्याच दिवशी तयार होता, पण त्यात प्रत्येक मुद्द्यावर मीच जिंकत होते, म्हणून तो टाकून दिला.

नंतर येणाऱ्या वाचकांसाठी थोडं मागचं सांगते. 2001 नंतर अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेनं, आणि तिच्यातल्या मेंदूविकार व पक्षाघाताच्या एनआयएनडीएस या संस्थेनं, आधीच ग्रँट चालू असलेल्या शास्त्रज्ञांना मानवी भ्रूण मूलपेशींवर (सुरुवातीच्या भ्रूणातून काढलेल्या, शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या पेशींवर) काम सुरू करायला पूरक निधी देऊ केला. या छोट्या रकमांनी ‘दार उघडलं’, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. काकांचे आक्षेप असे: पुरवणी म्हणजे अंदाजपत्रकाला बगल, पूर्ण छाननी न होता दिलेला पैसा हा मर्जीचा पैसा, सरकारी निधीला पात्र ठरलेल्या लाइन्सच्या (लाइन म्हणजे एकाच भ्रूणातून वाढवत नेलेलं पेशींचं कूळ) यादीतल्या मुंबईच्या लाइन्सचं एवढं कौतुक केलंत, त्यातल्या कामाला किती आल्या, आणि 25 वर्षांत एक तरी रुग्ण बरा झाला का? शेवटी एक घरचा प्रश्न आहे, तो शेवटीच घेते.

पुरवणी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर विधिमंडळातल्या पुरवणी मागण्या येतात. नागपूरच्या थंडीत हजारो कोटी पटलावर येतात आणि बघता बघता मंजूर होतात. त्यावरचा तुमचा राग मला पटतो. पण एनआयएचची पुरवणी परीक्षेतल्या पुरवणीच्या जातीची आहे. ती दोऱ्यानं मूळ उत्तरपत्रिकेलाच बांधावी लागते, आणि प्रश्नपत्रिकाही तीच राहते. पार्किन्सनमध्ये, म्हणजे कंपवातात, मरणाऱ्या पेशींवर तुमचं ग्रँट असेल तर त्याच प्रश्नासाठी तुम्ही मानवी भ्रूणपेशी वापरून बघू शकता. नवा प्रश्न काढता येत नाही. मूळ ग्रँट तज्ज्ञांच्या समितीच्या चाळणीतून गेलेलं असतं, म्हणून पुरवणीचा निर्णय संस्थेतले अधिकारी घेतात. तुम्ही याला मर्जी म्हणा. मी याला मूळ मंजुरीच्या आतला खर्च म्हणेन.

मग थेट नवीन ग्रँट का नाही? तारखा बघा. अमेरिकी शास्त्रज्ञ जेम्स थॉमसन यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात या पेशी पहिल्यांदा वेगळ्या करून वाढवल्याचं जाहीर झालं नोव्हेंबर 1998 मध्ये, आणि तेही जेरॉन कंपनीच्या पैशातून, कारण भ्रूण नष्ट होईल अशा संशोधनाला संघीय निधी देण्यावर अमेरिकी काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, बंदी होती. ती बंदी दरवर्षीच्या खर्चविधेयकाला जोडून आजही येते. 9 ऑगस्ट 2001 च्या रात्री तेव्हाचे अध्यक्ष बुश यांनी टेक्सासमधल्या आपल्या रँचवरून जाहीर केलं, की आजवर तयार झालेल्या लाइन्सवर सरकारी पैसा चालेल, यापुढच्यांवर नाही. आता एखाद्या मेंदूशास्त्रज्ञानं नवा अर्ज केला, तर छाननी समिती पहिल्यांदा विचारणार की प्राथमिक निष्कर्ष दाखवा. ते कुठून आणणार? पेशीच हाताळलेल्या नाहीत. नोकरीसाठी अनुभव हवा आणि अनुभवासाठी नोकरी हवी, तसला हा प्रकार. पुरवणीनं ही गाठ सोडवली.

तो पैसा शोधांसाठी नव्हताच, हात तयार होण्यासाठी होता. हे मी मागच्या वेळी नीट लिहिलं नाही. विस्कॉन्सिनकडून एक लाइन मागवायची तर 5,000 डॉलर पडायचे, पण खरा खर्च पेशी घरी आल्यावर सुरू व्हायचा. मी एमएस्सीला असताना पुण्यात पेशी वाढवल्या आहेत, साध्या उंदराच्या. एक रविवार चुकला तरी त्या चालवून घेत. मानवी भ्रूणपेशी चालवून घेत नाहीत. त्यांना रोज नवं माध्यम, म्हणजे पोषक द्रव, लागतं, दिवाळीचा पाडवा असो की आणखी काही. खाली उंदराच्या पेशींचा थर अंथरावा लागे. आणि या पेशी एकेकट्या सुट्या केल्या की मरत, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या बारीक नळीनं पेशींच्या वसाहतीचे तुकडे कापून एकेक उचलून नव्या ताटलीत ठेवायचे. कडेनं बिघडायला लागलेला भाग खरवडून टाकायचा, आणि कुठला भाग बिघडतोय ते डोळ्यालाच कळावं लागतं. पेशी सुट्या करूनही जगवण्याची रसायनयुक्ती जपानमधून आली ती 2007 मध्ये. तोवर हे सगळं हातावर होतं, आणि हात महिनोन्‌महिने सवय केल्याशिवाय तयार होत नाही. त्या महिन्यांचा पगार कोण देणार?

रकमा तुमच्यासाठी सांगते. मानवी भ्रूण मूलपेशींवर एनआयएचचा एकूण खर्च, पुरवणी आणि बाकी सगळं धरून, 2002 मध्ये 1 कोटी 7 लाख डॉलर होता आणि 2003 मध्ये 2 कोटी 3 लाख. तेव्हा एनआयएचचा वार्षिक खर्च सुमारे 2,700 कोटी डॉलर होता. हजारातला एक डॉलरसुद्धा इकडे आला नाही. उधळपट्टी म्हणायची तर इतर कुठेतरी शोधावी लागेल.

तरीही ‘दार उघडलं’ हे माझं वाक्य चुकलं, आणि ते तुमच्यामुळे कळलं. दार उघडलं होतं ते एकाच खोलीचं. ऑगस्ट 2001 अखेर जाहीर झालेल्या यादीत 64 नावं होती, पुढे ती 78 वर गेली, आणि प्रत्यक्ष मागवता येण्याजोग्या लाइन्स निघाल्या वीस-बावीस. त्याही जुन्या होत गेल्या. फार दिवस वाढवलेल्या काही लाइन्समध्ये 12 आणि 17 क्रमांकाची गुणसूत्रं जादा दिसू लागली. उंदराच्या थरावर आणि प्राणिजन्य द्रव्यांत वाढल्यामुळे या पेशींच्या पृष्ठभागावर माणसात नसणारी एक शर्करा बसते, हे 2005 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं. मधल्या काळात, 2004 मध्ये, हार्वर्डच्या डग्लस मेल्टन यांनी खासगी पैशातून 17 नव्या लाइन्स तयार करून संशोधकांना खुल्या केल्या. पण सरकारी पैशातून घेतलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या ठेवायची सोय नव्हती. वेगळी खोली, वेगळा फ्रिज, वेगळी उपकरणं, आणि कोणत्या खात्यातून काय आलं याचा वेगळा हिशेब. तुमच्या पेशातल्या माणसांना त्या वर्षांत अमेरिकी विद्यापीठांत भरपूर काम मिळालं असणार. हा नियम मार्च 2009 मध्ये ओबामांनी बदलेपर्यंत ज्याला सरकारी पैसा हवा, त्यानं त्याच जुन्या पेशींवर काम करायचं. पुरवणीनं लोकांना आत घेतलं आणि तिथेच बसवूनही ठेवलं.

मुंबईच्या लाइन्सबद्दल तुमचा टोला वर्मी लागला. त्या यादीत रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या 7 आणि बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या 3 लाइन्स होत्या. ‘मुंबई अमेरिकेच्या यादीत’ असं मी ठळक अक्षरात छापलं, आणि प्रत्यक्ष मिळणाऱ्या लाइन्सच्या रकान्यात दहापैकी एकही कधी आली नाही, हे लिहायला विसरले. विसरले म्हणजे काय, अभिमान आडवा आला.

भ्रूणहत्येचा एक शब्द तुम्ही जाता जाता टाकलात. आपल्याकडे तो शब्द ऐकला की सोनोग्राफीची खोली आणि मुलगी नको म्हणणारं घर आठवतं. इथे विषय आहे वंध्यत्वाच्या उपचारांत उरलेल्या, जोडप्यानं लेखी संमतीनं दिलेल्या, पाचएक दिवसांच्या शे-दीडशे पेशींच्या गोळ्याचा. तरीही कुणाला ते चूक वाटत असेल तर त्या मताचा मी आदर करते. पण शब्द एक म्हणून गोष्ट एक होत नाही.

आता रुग्णांचं. पाठीच्या कण्याला दुखापत झालेल्या रुग्णांवर जेरॉननं ऑक्टोबर 2010 मध्ये अटलांटात चाचणी सुरू केली आणि पुढच्याच वर्षी आर्थिक कारण देऊन थांबवली. त्या रुग्णांना मोठा अपाय झाला नाही, पण ते चालायलाही लागले नाहीत. कंपवाताचा पहिला दखलपात्र निकाल एप्रिल 2025 मध्ये आला. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रात विकसित झालेल्या आणि ब्लूरॉक कंपनीच्या चाचणीतल्या डोपामिन (कंपवातात कमी पडणारं मेंदूतलं रसायन) बनवणाऱ्या पेशी 12 रुग्णांच्या मेंदूत सोडल्या. दीड वर्षानंतर त्या सुरक्षित दिसल्या. जास्त मात्रेच्या गटात हालचालीही सुधारलेल्या दिसल्या, पण तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून मी त्यावर उड्या मारत नाही. खोटी शस्त्रक्रिया केलेल्या गटाशी तुलना करणारी मोठी चाचणी आता सुरू झाली आहे. या पेशी एच-9 या लाइनपासून केल्या आहेत, म्हणजे थॉमसन यांची 1998 ची आणि बुश यांच्या यादीतली. हे पुरवणीमुळे झालं असं मी म्हणणार नाही. त्यात कंपनीचा आणि न्यूयॉर्क राज्याचा पैसा मोठा आहे. पण या कामामागचे लोरेन्झ स्टुडर आणि व्हिव्हियान ताबार यांची नावं 1998 मध्ये एनआयएनडीएसमधून आलेल्या एका शोधनिबंधावर एकत्र होती. विषय होता कंपवाताच्या उंदरांत पेशी रोवण्याचा. 1998 ते 2025. बरा झालेला रुग्ण दाखवा म्हणालात, तो आजही दाखवता येत नाही. काम किती जुनं आहे तेवढं दाखवता येतं.

आता तुमच्या मेव्हण्यांचं. कंपवातावर ‘स्टेम सेल’ची तीन इंजेक्शनं, चार लाख, आणि आगाऊ भरल्यास सवलत, असं तुम्ही लिहिलंत. वरच्या पेशींचा आणि या इंजेक्शनांचा संबंध बहुधा नावापुरताच असेल. अशा ठिकाणी सहसा रुग्णाच्याच मज्जेतून किंवा चरबीतून काढलेलं देतात. आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अस्थिमज्जा प्रत्यारोपणासारखे मान्य उपचार सोडले, तर मूलपेशी मंजूर चाचणीबाहेर देता येत नाहीत. कंपवात त्या मान्य यादीत नाही. आणि चाचणी असेल तर प्रायोगिक औषधाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. त्या डॉक्टरांना फक्त सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक विचारा. क्रमांक मिळाला तर इथे नको, मला ईमेलवर पाठवा, मी उघडून बघते. नाही मिळाला तर चार लाख बँकेत राहू द्या, आणि मेव्हण्यांच्या गोळ्यांच्या वेळा सध्याच्या न्यूरॉलॉजिस्टकडून पुन्हा एकदा तपासून घ्या.

मूळ लेखातलं ‘दार उघडलं’ आणि मुंबईचा ठळक मथळा, दोन्ही आज सकाळी दुरुस्त केले आहेत.