घाटात गाडी उकळवण्याची सोपी रीत

मे महिन्यातल्या शनिवारी पुण्याहून साताऱ्याकडं येताना खंबाटकी चढलात, तर बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या मोजत या. बायकामाणसं सावली शोधत असतात, पोरं दरीत दगड भिरकावत असतात आणि मालक कमरेवर हात ठेवून वाफेकडं बघत असतो. घाट निवांत बघायला मिळतो तो त्यालाच. बाकीचे पुढच्या ट्रकचं फाळकं बघत चढतात. हे सुख तुमच्याही पदरात पडू शकतं. खर्च फार नाही, सुरुवातीला तर अजिबात नाही.

पहिलं म्हणजे कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवायला रेडिएटरमध्ये घालतात ते द्रावण, विकत घेऊ नका. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर चहा पिणाऱ्या कुणालाही विचारा, तो सांगेल, "रंगवलेलं पाणी हाय ते." गाडीबरोबर आलेलं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढू नका; निम्मं ग्लायकॉल, निम्मं डिस्टिल्ड वॉटर असलं काहीतरी त्यात लिहिलेलं असतं. म्हणे उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही. साताऱ्यात! महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी चार दवबिंदू गोठले तरी पेपरात फोटो येतो आपल्याकडं. तेच मिश्रण दाबाच्या झाकणाखाली साधारण 129 अंशांपर्यंत उकळत नाही आणि आतल्या ॲल्युमिनियमला गंजापासून जपतं, हा विषय कुणी काढलाच तर चहाचे पैसे देऊन उठा.

मग घालायचं काय? बोअरचं पाणी. ज्या पाण्यानं गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, बादलीच्या कडा चुन्यासारख्या होतात आणि डाळ तासभर शिजत नाही, तेच पाणी. रेडिएटरच्या नळ्या आगपेटीच्या काडीएवढ्या अरुंद असतात. त्यात क्षार बसला की तो उष्णता बाहेर जाऊ देत नाही, अगदी घरच्यासारखी धरून ठेवतो. झाकणाचं रबर कडक झालेलं असेल तर आणखी उत्तम. झाकण दाब धरतं म्हणून पाणी शंभराच्या वर गेलं तरी उकळत नाही. दाब सुटला की संपलं. पाचगणी 1,300 मीटरवर आहे, तिथं उघड्या भांड्यातलं पाणी साधारण 96 अंशांनाच उकळतं. म्हणजे निसर्गाचीही मदत आहे.

मी स्वतः मात्र याच्या वरच्या इयत्तेत गेलो. बोनेटखाली दोन बाटल्या शेजारी शेजारी असतात, एक कूलंटची आणि एक काच धुवायच्या पाण्याची. झाकणावर चित्रं असतात, पण चित्रं बघून झाकण उघडायला आपण काय बालवाडीत आहोत? काच धुवायचं निळं साबणपाणी मी अर्धा लिटर कूलंटच्या बाटलीत ओतलं आणि घरच्यांना घेऊन वाईहून पसरणी घाट चढायला लागलो. साबण आणि वॉटर पंप एकत्र आले की काय होतं, हे ज्यानं ताक घुसळलंय त्याला सांगायला नको. पंप पाण्याऐवजी फेस फिरवायला लागतो आणि फेसाला उष्णता वाहून न्यायचं काही जमत नाही. घाट निम्मा झाला आणि काटा लाल रेघेला टेकला.

वाईहून मिस्त्री आला. चाळीस मिनिटं त्यानं झाकणाला हातच लावला नाही, नुसता तंबाखू मळत बसला. मग ओल्या फडक्यानं झाकण पाव आट्यानं फिरवलं. फुसकारा झाला आणि कडेनं पांढराशुभ्र फेस बाहेर यायला लागला, बंपरवरून ओघळत रस्त्यावर. त्यानं बोटावर घेऊन वास घेतला. म्हणाला, "सायेब, गाडी आतनं धुवायला काढली व्हती का?" मागच्या सीटवर माझी सासू बसली होती. ती हसली नाही, हे जास्त लागलं.

तुम्हाला एवढा वेळ नसेल तर कूलंटच्या बाटलीत स्टिअरिंगचं किंवा इंजिनचं ऑइल ओता. कूलंटच्या पाइपांचं रबर तेल प्यालं की फुगतं, मऊ पडतं आणि एके दिवशी ऐन चढावर फाटतं. नाहीतर लाल कूलंटमध्ये हिरवं मिसळा. रंग कंपनी आपल्या मर्जीनं देते, त्यावरून आतलं रसायन कळत नाही, आणि दोन जातींची रसायनं जमली नाहीत तर कधीकधी आत खरवसासारखी साय धरते. गळती दिसली तर हळद आहेच. ती भोक बुजवते, आणि जिथं भोक नाही तिथंही बुजवते.

एवढं करून काटा वर गेला तरी थांबू नका. "आलाच की घाटमाथा" म्हणत रेटा. हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, वाकेल, त्याखालची सील, गॅस्केट म्हणतात ती, उडेल, ऑइलमध्ये पाणी जाईल. मग डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, ओढून बघा, तिच्यावर टपरीवरच्या चहासारखा दुधाळ रंग दिसेल. तापलेल्या इंजिनवर गार पाण्याची बादली मारलीत तर हेडला तडासुद्धा जाऊ शकतो, म्हणजे वाकलेलं हेड सपाट करायला मशीनवर न्यायचा हेलपाटा वाचला.

एका ठिकाणी थट्टा बाजूला ठेवतो. काढलेलं कूलंट गल्लीत किंवा गटारात ओतू नका. ग्लायकॉल चवीला गोड असतं. कुत्रं-मांजर ते चाटतं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, थोडंसंही पुरतं. लहान पोरांच्या हातालाही ते लागू देऊ नका.

माझी गाडी तीनदा साध्या पाण्यानं फ्लश करावी लागली, तरी चौथ्यांदा बुडबुडे आलेच. बिल दिलं, कंदी पेढे घेऊन सासूला सोडायला गेलो. पेढा तोंडात टाकत ती म्हणाली, "पुढच्या खेपेला आतनं धुणार असाल तर आधी सांगा. घरात सोडा पडलाय, स्वस्तात होईल."