मेलेल्या सर्व्हरची सही कुठून आणू?

"डोमेन तेवढं काढून टाका, दोन क्लिकचं काम आहे की!" मालक असं म्हणाले तेव्हाच मी गाडीला किक मारायला हवी होती.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना. सात पीसी, टॅली आणि थोडं एक्सेल. एवढ्यासाठी कुण्या शहाण्यानं पूर्वी दोन-दोन डोमेन कंट्रोलर बसवून दिलेत! (डोमेन म्हणजे एकाच खातेवहीवर चालणारं पीसींचं जाळं, आणि ती वही सांभाळणारा सर्व्हर म्हणजे कंट्रोलर.) त्यातला एक जळून भंगारात गेला, पण ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे त्या खातेवहीत, अजून जिवंत. सातबाऱ्यावर वारलेल्या चुलत्याचं नाव राहतं ना, तसा.

मे महिन्यातला रविवार, सर्व्हर गोदामाच्या पत्र्याखाली, पंखा नुसती गरम हवा फेकतोय. कंट्रोलरपद काढायचा जुना डीसीप्रोमो विझार्ड तर विंडोज सर्व्हर २०१२ पासूनच गेला. सर्व्हर मॅनेजरमधून रोल काढायला जा, तर ते म्हणतं आधी डिमोट करा, म्हणजे कंट्रोलरपद उतरवा. बरं बाबा. 'डोमेनमधला शेवटचा कंट्रोलर' यावर टिक नाही केली, तर म्हणतं दुसरा कंट्रोलर सापडत नाही. टिक केली, तर म्हणतं दुसरा आहे की! अरे आहे तर दाखव बे!

मग बसलो वारसनोंद करत. मेल्याचं खातं डिलीट केलं. एफएसएमओ रोल, म्हणजे एका वेळी एकाच कंट्रोलरकडे असणारी पाच खास कामं, त्यातली दोन त्याच्याच नावावर, ती जिवंताकडे ओढली. साइट्समधली नोंद, डीएनएसमधल्या (नावावरून मशीनचा पत्ता सांगणाऱ्या यादीतल्या) नोंदी हातानं खरवडून काढल्या. (जुन्या विंडोज एनटी ४ मध्ये तर डिमोट करायची सोयच नव्हती, सरळ विंडोज परत टाकायचं. तेच बरं होतं म्हणायची पाळी आली.)

मालकांचा हट्ट काय, तर आधी सर्व्हर उरका, पीसी नंतर बघू. अहो, सगळी खाती सर्व्हरवर! तो उतरवला की पीसी डोमेनमधून काढायला लोकल ॲडमिनचा, म्हणजे त्या पीसीवरच्याच मुख्य खात्याचा, पासवर्ड लागतो. विचारलं, तर म्हणे "ते काय असतंय?" सातही पीसींवर तो रिसेट करत बसलो. चहासुद्धा कुणी विचारला नाही.

सोमवारी सकाळी नऊला अकाउंटंट मॅडमचा फोन. "डेस्कटॉप रिकामा आहे, माझं सगळं उडवलं तुम्ही!" नवं लोकल खातं म्हणजे नवं प्रोफाइल, म्हणून डेस्कटॉप कोरा, जुन्या फायली सी ड्राइव्हच्या युजर्स फोल्डरात सुखरूप आहेत, हे तीनदा सांगितलं. चौथ्यांदा जाऊन कॉपी करून दिल्या.

बिल दिलं. मालकांनी चष्मा वर केला.

"दोन क्लिकचे तीन हजार व्हय?"