फोटो नाही, बिल आहे

"तुम्ही गोव्याला हुंदडायला जाणार आणि पैसे आम्ही द्यायचे होय गं?"

लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी हे विचारलं तेव्हा मी कसनुसं हसले आणि मनातल्या मनात चिडले. आता वर्ष उलटून गेल्यावर कबूल करते, आमच्या अख्ख्या मोहिमेत आम्हाला कुणी विचारलेला तो सगळ्यात शहाणा प्रश्न होता.

मोहीम अशी: पुणे ते गोवा, सायकलने, ताम्हिणी उतरून पुढे सागरी मार्गाने, सात दिवस. आम्ही पाच जण, कॉलेजपासूनचे. तीन बायका, दोन पुरुष, सगळे पन्नाशीच्या अल्याडपल्याड. वाटेत दापोली तालुक्यातलं एक हायस्कूल लागतं, तिथल्या मुलींना सायकली द्यायच्या. 35 सायकली, एकीला साधारण 7,000 रुपये, म्हणजे दोन लाख पंचेचाळीस हजार. सायकल चालवून सायकली द्यायच्या! कल्पना आम्हाला इतकी गोंडस वाटली की तपासून बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आवाहनाची पोस्ट मीच लिहिली होती. बिहार सरकारने 2006 मध्ये नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. पुढे त्यावर अभ्यास झाला, तेव्हा हायस्कुलात नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण जवळपास एक तृतीयांशाने वाढल्याचं दिसलं. वाढ मुख्यतः शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांतली. हे सगळं मी ठोकून दिलं. लोकांना आवडलं, शेअर झालं. बिहार सपाट आहे आणि कोकण नाही, हे मला पुढे माझ्या मांड्यांनी सांगितलं.

पण आधी पैशांचं बोलते, कारण या विषयावर कुणी बोलत नाही. काकूंच्या प्रश्नानंतर आम्ही दोन नियम केले. पहिला, राहणं, जेवण, परतीचा टेम्पो, सगळं ज्याचं त्याच्या खिशातून. खर्च माणशी चौदा हजारांच्या आसपास आला. दुसरा, देणगी कुणाच्याही जीपेवर घ्यायची नाही, ज्या छोट्या संस्थेमार्फत सायकली द्यायच्या होत्या, थेट तिच्या खात्यात. यामुळे निम्मे लोक गळतात, कारण "तुझा नंबर दे, पाठवतो" हे सोपं असतं आणि खाते क्रमांक टाकताना माणूस विचार करू लागतो. करू दे की.

तिसरा नियम बॉस्टनच्या भाच्यामुळे आला. तो तिकडे पॅन-मास चॅलेंज नावाच्या कॅन्सरसाठीच्या राईडमध्ये भाग घेतो. 1980 पासून चालू आहे ती. तिथे प्रत्येक स्वाराने ठरावीक रक्कम गोळा करायचीच असते, कमी पडली तर तेवढी त्याच्याच कार्डावरून कापली जाते. आम्ही माणशी पन्नास हजार ठरवले. आमच्यातल्या एकाला मागता येत नाही, तो फोन उचलून "बाकी कसं काय" म्हणतो आणि ठेवून देतो. त्याचे बावीस हजार जमले. उरलेले अठ्ठावीस त्याने गपचूप स्वतः भरले. आम्हाला संस्थेची यादी आल्यावर कळलं.

गंमत म्हणजे खुद्द भाच्याला एक रुपया देता आला नाही. त्याच्याकडे आता अमेरिकन पासपोर्ट आहे, म्हणजे त्याची देणगी कायद्याने परदेशी धरली जाते, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. एफसीआरए नोंदणी, म्हणजे परदेशी देणगी घ्यायला लागणारी सरकारी नोंदणी, नसलेल्या छोट्या संस्थेला ती घेता येत नाही. त्याच्या शेजारी राहणाऱ्या, अजून भारतीय पासपोर्टवर असलेल्या मुलाने मात्र आरामात पाठवले. आणि 80जीची, म्हणजे देणगीवर करसवलत मिळवून देणारी, पावती मागणाऱ्यांपैकी किती जणांनी नवी करप्रणाली घेतलेली आहे आणि त्यांना त्या पावतीचा काडीचा उपयोग नाही, हे मी हळूच विचारून घेतलं. पावती तरीही सगळ्यांना हवीच होती.

बरं, आता रस्ता. सागरी मार्ग म्हटलं की डोळ्यापुढे नारळ, वाळू आणि सपाट डांबर येतं. प्रत्यक्षात प्रत्येक खाडीपाशी रस्ता पाण्यापर्यंत उतरतो आणि पलीकडे पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर, चढतो. दिवसभर हेच. बागमांडल्याला फेरीबोटीत बसून वेसवीला उतरलो, दहा मिनिटं पाय लटकावून सुख भोगलं, आणि समोर चढ. पुढे दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, तीच कथा. वेसवीच्या जेटीवरच्या चहावाल्याने आमच्या हेल्मेटांकडे, चड्ड्यांकडे आणि मग चेहऱ्यांकडे बघून विचारलं, "पैज लागलीय काय?" दानासाठी म्हटल्यावर त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत. आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीस-चाळीस हजारांच्या सायकली घेऊन उभे होतो आम्ही.

तिसऱ्या दिवशी शाळा. मुख्याध्यापिका बाई साठीकडे झुकलेल्या, निवृत्तीला थोडे महिने राहिलेले. पोहे, चहा, दोन मुलींनी म्हटलेलं स्वागतगीत, सगळं झालं. मग बाई म्हणाल्या, "या माझ्याबरोबर." शाळेच्या मागे पत्र्याची शेड. आत सायकली. एकमेकींवर रेललेल्या, गंजलेल्या, हवा गेलेल्या. मी मोजल्या, एकेचाळीस. वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या भल्या माणसांनी दिलेल्या. काहींच्या हँडलला अजून रिबिनीचा तुकडा होता.

"मॅडम, रागावू नका," बाई म्हणाल्या, "पण आणखी पस्तीस आल्या तर मी त्या ठेवू कुठे?"

एक सायकल पंक्चर झाली की संपली, कारण पंक्चरवाला बाजाराच्या गावी, चौदा किलोमीटरवर. टेम्पोत घालून न्यायची तर पंक्चरपेक्षा भाडं जास्त. चार महिने पाऊस आणि वर खारी हवा, चेन दोन वर्षांत कामातून जाते. शिवाय सगळ्याच मुलींना सायकल लागत नाही. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, बऱ्याचजणी गाडीनेच येतात. प्रश्न आतल्या वाड्यांतल्या मुलींचा. त्यांना फाट्यापासून तीन-चार किलोमीटर चालायचं असतं, आणि त्यातही दोन वाड्यांच्या घाट्या अशा की बिनगिअरची जड सायकल ढकलतच न्यावी लागते. "त्या दोन वाड्यांना सायकल देऊच नका, उलट ओझं होतं त्यांना."

आमच्या पाच जणांच्या पिशव्यांत मिळून आठ नव्या ट्यूब होत्या. त्यातली एकही त्या एकेचाळीस सायकलींच्या चाकाला बसणारी नव्हती. मापच वेगळं. त्या शेडमध्ये ट्यूब हातात धरून उभे असलेले आम्ही, याच्याइतकं हास्यास्पद दृश्य मी आयुष्यात फार पाहिलेलं नाही.

रात्री मुक्कामावर भांडण झालं. खरंखुरं. एकाचं म्हणणं, लोकांनी सायकलींसाठी पैसे दिलेत, सायकलीच द्यायच्या, नाहीतर विश्वासघात. आमची सीए मैत्रीण म्हणाली, सगळ्यांना विचारू, ज्यांना पटणार नाही त्यांना संस्था पैसे परत करेल. शेवटी तिचं ऐकलं. मग प्रत्येक देणगीदाराला लिहिलं: सव्वीस जुन्या सायकली दुरुस्त होण्यासारख्या आहेत, त्या करू. नव्या फक्त आठ. उरलेल्या पैशांतून तीन वर्षं दर महिन्याला एक सायकल मिस्त्री शाळेत येईल, सामान त्याचं, बिल संस्थेचं.

दोघांनी पैसे परत मागितले. त्यांच्यावर राग नाही, हक्क होता त्यांचा. राग आला तो एका कंपनीच्या साहेबांचा. सायकली रांगेत उभ्या, मागे बॅनर, मुलींच्या हातात फुगे, असा फोटो मिळणार नसेल तर देता येणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. पंक्चरचा फोटो कसा काढणार! मला तेव्हापासून असं ठाम वाटू लागलंय की शेडमधल्या त्या एकेचाळीस सायकलींपैकी बऱ्याच याच फोटोसाठी आल्या होत्या. आणि खरं सांगायचं तर आमच्याही पस्तीस त्यासाठीच निघाल्या होत्या. मी रिबिनीचा रंगसुद्धा ठरवला होता.

पुढचे चार दिवस सुंदर गेले, त्याबद्दल लिहीत बसत नाही. आरे-वारेचा चढ, देवगडच्या बागांतला मोहराचा वास, मालवणची सोलकढी, हे सगळं तुम्ही इतरांच्या पोस्टमध्ये वाचलेलं आहे. पाचव्या दिवसानंतर बूड दुखायचं थांबतं, एवढी एकच उपयुक्त माहिती देते. थांबत नाही खरं तर, आपल्याला सवय होते.

"सायकल न चालवता नुसते सत्तर हजार दिले असते तर?" असं नवऱ्याने विचारलं. पाच जणांचा खर्च म्हणजे तेवढेच. दिले असते का पण? मी तरी नसते दिले. आणि शाळेच्या मागची शेड बघायला तर नक्कीच गेले नसते. तेव्हा काकू, तुमचं बरोबर होतं, आम्ही हुंदडायलाच गेलो होतो.

गेल्या महिन्याचं बिल आलंय. ट्यूब 7, टायर 2, ब्रेकच्या रबराच्या जोड्या 6, फ्रीव्हील (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) 1, ग्रीसची एक डबी, सोल्युशन 3. मिस्त्रीची मजुरी आणि येण्याजाण्याचा खर्च धरून 3,830 रुपये. ज्यांनी पैसे दिलेत त्यांना दर महिन्याला पाठवते. बहुतेक जण अंगठा दाखवून मोकळे होतात.

काकूंनी 501 दिले होते. त्या बिल चष्मा लावून वाचतात. काल लिफ्टमध्ये म्हणाल्या, "फ्रीव्हील मागच्या महिन्यात पण एक होतं ना गं? त्याच सायकलचं आहे का?"

मिस्त्रीला सकाळपासून फोन लावतेय, उचलत नाहीये.