थॉमस मिचेल म्हणे नशिबाने मोठा झाला!

जुन्या हॉलिवूडच्या चाहत्यांमध्ये एक मजकूर फिरतोय. थॉमस मिचेल म्हणजे १९३९ साली नशीब फळफळलेला नट. स्टुडिओ सांगेल तिथे उभा राहिला, जन्मभर एकच आयरिश दारुडा रंगवला आणि ‘गॉन विथ द विंड’च्या लाटेत ऑस्कर घेऊन गेला.

ऑस्करचं आधी उरकू. ते ‘स्टेजकोच’ या दुसऱ्याच चित्रपटासाठी होतं. सहाय्यक अभिनेत्याच्या नामांकनांत त्या वर्षी ‘गॉन विथ द विंड’मधला एकही नट नव्हता. मग लाट कुठली?

स्टुडिओची मर्जी? १९३९चे त्याचे पाच गाजलेले चित्रपट वँगर, सेल्झनिक, कोलंबिया आणि आरकेओ अशा चार वेगवेगळ्या निर्माते-स्टुडिओंचे. इतक्या जणांना एकाच वर्षी तोच नट हवासा वाटतो, याला मर्जी म्हणत नाहीत, मागणी म्हणतात.

दारूचा आरोप मात्र अर्धा खरा. दिग्दर्शक जॉन फोर्डने ‘द हरिकेन’मध्ये आणि ‘स्टेजकोच’मध्येही त्याला पिणारा डॉक्टरच केलं. पण ‘स्टेजकोच’मधला डॉक्टर बाळंतपणाची वेळ येताच कपामागून कप काळी कॉफी ढोसून शुद्धीवर येतो, तेव्हा मिचेल विनोदी दारुड्यातून लाजलेला, घाबरलेला वैद्य बाहेर काढतो. त्याच वर्षी ‘ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज’मध्ये तो नजर अधू होत चाललेला वैमानिक आहे, ‘द हंचबॅक ऑफ नोट्र डेम’मध्ये भिकाऱ्यांचा राजा, आणि ‘गॉन विथ द विंड’मध्ये नायिका स्कार्लेटचा बाप म्हणून बायको गेल्यावर भ्रमिष्ट झालेला जमीनदार. ‘हाय नून’मधला महापौर तर पूर्ण शुद्धीत असतो. चर्चमध्ये तो मार्शलची तोंडभरून स्तुती करतो आणि त्याच दमात त्याला गाव सोडायला सांगतो. त्याच्या दारुड्यांपेक्षा हा सभ्य माणूस मला जास्त भीतिदायक वाटतो.

राहिलं नशीब. मिचेल आधी बातमीदार होता. मग चार्ल्स कोबर्नच्या नाटक मंडळीत शेक्सपिअर केला, ब्रॉडवेवर वर्षानुवर्षं अभिनय आणि दिग्दर्शन केलं, फ्लॉइड डेलसोबत १९२८ साली ‘लिटल ॲक्सिडेंट’ हे नाटक लिहिलं. १९३७मध्येच ‘द हरिकेन’साठी ऑस्करचं नामांकन होतं. १९५३ साली टीव्हीचा एमी आणि संगीत नाटकासाठी रंगभूमीचा टोनी मिळवून ऑस्करसह तिन्ही सन्मान पटकावणारा तो पहिला पुरुष ठरला. आणि १९६२मध्ये, सत्तरीला टेकलेला असताना, रंगमंचावरचा पहिला कोलंबो, म्हणजे तो प्रसिद्ध पोलीस गुप्तहेरही त्यानेच उभा केला. टीव्हीवरचा पीटर फॉक त्या भूमिकेत आला तो नंतर.